मुंगसाचा हिशेब

प्रवेशाच्या दिवसांत फीच्या खिडकीला बसलं की धर्माचे प्रश्न समोर चालत येतात, त्यासाठी कीर्तनाला जावं लागत नाही. पावतीवर शिक्षण शुल्क, ग्रंथालय, परीक्षा अशा ओळी, आणि त्यांच्या खाली क्रीडा शुल्क नि अश्वमेध निधी. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारा एखादा बाप त्या ओळीवर बोट ठेवायचा. "सायेब, ह्ये अश्वमेध काय हाय? घोडं सोडायलेत का?" मी सांगायचो, राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचं नाव आहे ते. "मग आमची पोरगी खेळती का त्याच्यात?" नाही. "मग?" मागं रांग लागलेली असायची. मी पावती फाडून हातात द्यायचो.

आता निवृत्त झालो, वेळ आहे, तर त्या 'मग'चा विचार करतो. महोत्सवाला हे नाव ज्यांनी दिलं त्यांना महाभारतातलं अश्वमेधपर्व शेवटपर्यंत आठवत होतं की नाही, देव जाणे. युधिष्ठिराचा यज्ञ थाटात पार पडतो, दानानं ब्राह्मण तृप्त होतात, आणि तेवढ्यात एक मुंगूस बिळातून निघून सगळ्यांसमोर बोलतं की या यज्ञाला कुरुक्षेत्रातल्या एका गरिबाच्या मूठभर सातूची सर नाही. त्या सातूच्या स्पर्शानं त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालेलं असतं. उरलेलं सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञाच्या मंडपात लोळलेलं असतं, पण काही फरक पडलेला नसतो.

ही गोष्ट आमच्याकडे सप्ताहात सांगतात तेव्हा जोर नेहमी गरिबीवर असतो. गरिबाचं दान मोठं, एवढंच. मला त्यातली दुसरी एक जागा जास्त महत्त्वाची वाटते. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारं चौघांचं कुटुंब, दुष्काळात कसंबसं मिळालेलं सातूचं पीठ, चौघांचे चार वाटे झालेले. पाहुणा येतो. बाप आपला वाटा देतो, पाहुण्याचं पोट भरत नाही. बायको म्हणते, माझा द्या. तो एकदम 'आण' म्हणत नाही. किडामुंगीसुद्धा आपल्या मादीला पोसते, मी तुझं कसं घेऊ, म्हणून अडतो. मग मुलगा, शेवटी सून. उन्हावाऱ्यानं सुकलेल्या सुनेचा वाटा घ्यायला तर त्याचा हात पुढे होत नाही. ती आग्रह करते तेव्हाच तो घेतो. घरचा कर्ता तोच, पण दुसऱ्याचा वाटा परस्पर उचलून त्यानं कोणाला वाढलेला नाही. माझ्या मते मुंगसाचं अंग सोन्याचं झालं ते त्या अडण्यामुळे.

आता विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाच्या डागडुजीचा वाद घ्या. राज्यात कुठल्याही विद्यापीठात तो साधारण एकाच वळणानं जातो. छत गळतं, धावपट्टी उखडलेली असते. विद्यापीठ म्हणतं शासनानं द्यावं. शासन म्हणतं स्वनिधीतून करा. महाविद्यालयं म्हणतात, आम्ही दरसाल पोरांकडून घेऊन पाठवतो त्याचं काय झालं? प्रत्येकाला दान करायचंय, पण शेजाऱ्याच्या ताटातलं. आणि त्यात अडणारा कोणी दिसत नाही. 2022 साली राज्यानं क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढवली : तालुक्याला 1 कोटीवरून 5, जिल्ह्याला 8 वरून 25, विभागाला 24 वरून 50 कोटी. चांगलंच केलं. पण आकडा मोठा झाला की तो कोणाकोणाच्या वाट्यातून आला हे दिसेनासं होतं, नि हात थरथरायचं कारणच उरत नाही.

सक्तीच्या फीला पुण्य लागत नाही हे मला मान्य आहे. पावती फाडून मोक्ष मिळाला असता तर माझी खिडकी पंढरपूर झाली असती. पण पुण्य नसेल तर देणाऱ्याला हक्क तरी हवा. आमचं विद्यापीठ नांदेडचं, 17 सप्टेंबर 1994 चं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. संन्याशाचं नाव लावलेल्या संस्थेनं तरी हा हक्क आधी ओळखावा. मंदिराच्या जीर्णोद्धाराला लोक न मागता वर्गणी देतात, भोंग्यावरून नाव पुकारलं की खूश होतात. लोक अडाणी आहेत, खेळाची किंमत कळत नाही, असं आमचे काही प्राध्यापक म्हणायचे. मला ते पटलं नाही. वर्गणी देणारा त्याच दिवशी गाभाऱ्यापर्यंत जाऊ शकतो. संकुलाच्या फाटकाला मात्र पुष्कळ ठिकाणी कुलूप असतं, आणि किल्ली कोणाकडे आहे ते शिपायालाच ठाऊक.

आपला वाटा देणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. 1952 साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर 7,000 रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, परतल्यावर कुस्त्या भरवून त्या पैशातून घर सोडवलं. खर्डेकरांना विद्यार्थ्यांच्या कुठल्या तरी निधीतून परस्पर सोय करता आली असती का, मला माहीत नाही. त्यांनी घराचा कागद दिला. सगळ्याच प्राचार्यांनी घरं गहाण ठेवावीत असं मी म्हणत नाही, तशानं संकुलं उभी राहत नाहीत.

पण पुढचा भाग बघा. त्याच खाशाबांच्या गोळेश्वर गावी कुस्ती संकुल होणार म्हणून 2009 मध्ये घोषणा झाली. 2013 मध्ये 1 कोटी 58 लाखांना मंजुरी मिळाली. 2017 पर्यंतही काम उभं राहिलं नाही, तेव्हा कुटुंबीयांनी जाहीर केलं की ऑलिंपिकचं पदक लिलावात काढतो नि त्यातून आखाडा बांधतो. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. लोक हळहळले, काहींनी धमकी म्हटलं. माझ्या लेखी ती सून आपला वाटा पुढे करत होती. घेणाऱ्यानं अशा वेळी काय करायचं असतं ते गोष्टीत स्पष्ट आहे : आधी अडायचं, आणि आपल्या ताटात अजून काही उरलंय का ते बघायचं.