जब्दी नावेतच राहिला



आपल्या सोलापूरला समुद्र नाही. पाणी म्हटले की आपल्याला आठवते ती विहीर, सिद्धेश्वर तलाव, फार तर उजनीचा जलाशय. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली वडीलधारी मंडळी आपल्या धर्मग्रामात अजून आहेत. तरीही आज आम्ही समुद्राविषयी लिहीत आहोत. आपल्यातील एका वडिलांनी मिस्सानंतर थांबून आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, तो तुमच्यापुढे ठेवतो.

या गृहस्थांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत बुडून गेला. त्यामुळे त्यांनी आपल्या मुलाला कधी पाण्याजवळ जाऊ दिले नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण गेले, तेव्हा तर घरात पाण्याचे नाव काढायचीही सोय राहिली नाही. मुलगा मात्र पंधरा वर्षांचा झाला. दहावीची परीक्षा संपल्यावर त्याने एकच हट्ट धरला : मालवणला जायचे, समुद्रात मासे पकडायचे आणि स्कूबा डायव्हिंग करायचे. आई रडली. वडील महिनाभर विचार करत होते. शेवटी बापलेक निघाले.

पहाटे एका मच्छीमाराच्या होडीतून दोघे गळ टाकायला गेले. मुलाच्या गळाला एक छोटी तांबोशी लागली. तो आनंदाने ओरडला. होडीवाल्या काकांनी मासा हातात घेऊन पाहिला, गळ अलगद काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला. "अजून लहान आहे, वाढू दे," एवढेच ते म्हणाले. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पण जुने दर्यावर्दी सांगतात की मासा केव्हा धरायचा आणि केव्हा सोडायचा, हे ज्याला कळते तोच खरा मच्छीमार.

नंतर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला डायव्हिंग होते. वडिलांना तारकर्लीची २४ मे २०२२ ची दुर्घटना माहीत होती. स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून त्यात दोघांचा मृत्यू झाला होता. म्हणून त्यांनी लाइफ जॅकेट, बोटीतील माणसांची संख्या, सारे नीट पाहून घेतले. प्रशिक्षकाने मुलाला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. पहिली, पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना छातीतील हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. दुसरी, खाली जाताना कानांवर दाब येतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की कान मोकळे होतात. नाही झाले तर आणखी खाली जायचे नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो. तिथे जिद्द कामाला येत नाही.

मुलगा पाण्याखाली गेला. वडील बोटीवर जपमाळ हातात घेऊन बसले. पाच-सात मिनिटांतच तो वर आला. कान दुखत होता, मोकळा होत नव्हता. आणि इथे ते घडले ज्यासाठी वडील आमच्याकडे आले. पंधरा वर्षे मुलाला पाण्यापासून दूर ठेवणारा हा माणूस एकदम म्हणाला, "अरे, एवढ्या लांबून आलो, पैसे भरले. घाबरतोस काय? जा परत!" बोटीतील इतर पोरे पाहत होती. मुलगा पुन्हा तोंडाला नळी लावू लागला. प्रशिक्षकाने त्याचा हात धरला आणि वडिलांना सांगितले, "नाही साहेब. आज नाही."

परतीच्या वाटेवर मुलगा बोलला नाही. संध्याकाळी पाण्याखाली काढलेला व्हिडिओ पाहताना वडील म्हणाले, "बघ, अंगठा दाखवतोयस. म्हणजे मजेत होतास की!" मुलगा शांतपणे म्हणाला, "पप्पा, पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'छान' नाही. 'मला वर न्या' असा आहे."

"फादर," त्या वडिलांनी आम्हाला विचारले, "माझी चूक कोणती? त्याला पाण्यात जाऊ दिले ही, की परत जा म्हटले ही?"

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा ॲरिस्टॉटलचा एक विचार पाठ केला होता : धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी साहस या दोन टोकांच्या मध्ये असते. तेव्हा आम्हाला वाटे की भित्रा माणूस वेगळा आणि अविचारी वेगळा. या वडिलांनी आम्हाला दाखवले की एकच माणूस दहा मिनिटांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. असे का होते? आम्हाला वाटते, दोन्हींचे मूळ एकच आहे. भीती म्हणते, मूल माझे आहे, त्याला काही झाले तर मी कसा जगू? अभिमान म्हणतो, मूल माझे आहे, ते मागे हटले तर लोक मला काय म्हणतील? दोन्ही वेळा आपण आपल्याकडेच पाहत असतो. मुलाचा अंगठा आपल्याला दिसतो, पण त्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो.

मग जाऊ देणे ही चूक होती का? नव्हती. धोका टाळणे म्हणजे विवेक नव्हे. संत थॉमस अक्वायनस विवेकाचे जे आठ घटक सांगतात त्यांत सावधगिरी आहे, तशीच जाणत्यांकडून शिकण्याची तयारीही आहे. बोट तपासणे, जाणत्या माणसाच्या हाती मुलाला सोपवणे, यात या वडिलांनी विवेक दाखवला होता. तो सुटला तो त्या जाणत्या माणसाच्या आधी स्वतः निर्णय देताना.

शुभवर्तमानात एक बाप आहे, त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. प्रभू येशूने याकोब आणि योहान यांना हाक मारली तेव्हा ते बापाबरोबर नावेत जाळी नीट करीत होते. दोघे उठून गेले. जब्दी नावेतच राहिला. तो काय म्हणाला हे संत मार्क लिहीत नाही. त्याने मुलांना अडवले असे मात्र कुठेही नाही. पुढे त्याच मुलांची आई येशूकडे आली आणि राज्यात एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसवा म्हणाली. येशूने तिला रागावले नाही. त्याने मुलांनाच विचारले : मी पिणार तो प्याला तुम्ही पिऊ शकाल का? उत्तर मुलांनी दिले. याकोबाला ते उत्तर प्राण देऊन पाळावे लागले. जाऊ देण्याची किंमत असते, हे शास्त्र आपल्यापासून लपवत नाही.

आपल्या घरांतही हे रोज घडते. मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचे म्हटले की भीती पुढे येते. मुलाचे गणित कच्चे असले तरी त्याला इंजिनीअरिंगलाच घालायचे, इथे अभिमान पुढे येतो. मूल दमले, चुकले, नको म्हणाले, तर आपण ऐकतो का? की "एवढा खर्च केला" म्हणून त्याला परत खाली ढकलतो?

आम्ही त्या वडिलांना एकच सुचवले : मुलाची क्षमा मागा. बापाने मुलाची क्षमा मागायची हे आपल्याकडे जड जाते, त्यांनाही गेले. पण त्यांनी मागितली. मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षी परत जाऊ, पप्पा. पण वर कधी यायचं ते मी सांगेन."

या आठवड्यात घरी कुटुंबप्रार्थना कराल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : आम्ही तुला कुठे अडवतो, आणि कुठे ढकलतो? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तुमचे धर्मगुरू