न विचारलेला प्रश्न

इसवी सनापूर्वी 400च्या आसपासचं अथेन्स. कोर्टात आजच्यासारखे वकील नव्हते. फिर्यादी असो की आरोपी, आपली बाजू ज्याने त्याने उभं राहून मांडायची. ज्याला ते जमत नसे तो लिसियाससारख्याकडे जाई, पैसे मोजून भाषण लिहून घेई आणि पाठ करी.

युफिलेटस नावाच्या आरोपीसाठी लिसियासने लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं. बायकोच्या प्रियकराला घरात पकडून त्याने ठार मारलं होतं. भाषणात कायद्याचा आधार आहेच, पण मी दर वेळी थबकतो तो घरातल्या जिन्यापाशी. घर दोन मजली, बायका वर, पुरुष खाली. बाळ झालं. त्याला धुवायला-पुसायला बायकोला सारखं जिना उतरावा लागे, पाय घसरायची भीती. म्हणून ती खाली राहू लागली, नवरा वर गेला. एका रात्री खालची दारं करकरली. त्याने विचारलं तर ती म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला, शेजारून पेटवून आणला. त्याला ते पटलं.

'तुझ्याच घरात हे चाललं होतं आणि तुला कळलं कसं नाही?' पंचांच्या मनात हा प्रश्न येणारच. जिना आणि दिवा त्याचं उत्तर देऊन टाकतात, तेही साध्या संसारी माणसाच्या तोंडी शोभेल अशा बोलीत.

'फीड्रस' या संवादात प्लेटोने लिसियासच्या लेखनाला धारेवर धरलं आहे. लिहिलेल्या शब्दांना काही विचारावं तर ते तेच ते पुन्हा सांगतात, असा त्याचा आक्षेप. तो मला मान्य आहे. पण म्हणूनच लिहिणाऱ्याला समोरच्याची शंका आधी ऐकू यावी लागते. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत आवाज आणि हावभाव यांच्या जोडीला या ऐकण्यालाही गुण असावेत, असं मला मनापासून वाटतं.

12 मार्च 1933, रविवारची रात्र. अमेरिकेत बँका बंद, लोक धास्तावलेले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर आले. धीराचे शब्द नंतर. आधी त्यांनी बँक ठेवींचं काय करते ते समजावलं. पैसे तिजोरीत पडून नसतात, कर्जांत आणि रोख्यांत गुंतवलेले असतात. 'माझे पैसे गेले कुठे?' हे रेडिओला विचारायची सोय नव्हती आणि ती गरजही उरली नाही. सोमवारपासून टप्प्याटप्प्याने बँका उघडल्या, तेव्हा लोक घाबरून काढलेले पैसे परत भरायला रांगेत उभे होते.