‘नॉर्मल’ची मुदत

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ दिसलं की आपण तो फाइलमध्ये ठेवतो आणि विषय संपवतो. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं अंगात असलेल्या माणसाला ही चैन परवडत नाही. हा विषाणू यकृताच्या पेशींच्या डीएनएमध्येच आपले तुकडे घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून आशियाई रुग्णांपैकी चाळिशी ओलांडलेले पुरुष, पन्नाशी ओलांडलेल्या बायका, शिवाय सिरॉसिस असलेले आणि घरात हा कर्करोग झालेला आहे असे, या सगळ्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतात. त्यावर कितपत विसंबायचं?

अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली निघालेला आकडा हिरमोड करणारा आहे. सिरॉसिसच्या रुग्णांत सुरुवातीच्या अवस्थेतले कर्करोग नुसत्या सोनोग्राफीने ४५ टक्केच सापडतात. रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीनच्या तपासणीची जोड दिली तर ६३ टक्के.

हे का होतं ते तपासणीच्या टेबलाशी उभं राहिल्यावर कळतं. “श्वास घ्या, धरून ठेवा,” म्हणत डॉक्टर उजव्या बरगड्यांखाली प्रोब दाबतात. यकृताचा वरचा घुमट फुफ्फुसाआड असतो. छाती भरून श्वास घेतला की तो जरा खाली येतो. धाप लागणाऱ्याला श्वास धरता येत नाही. आतड्यातला गॅस आड येतो. यकृतात चरबी असली की खोलवरचं सगळं धूसर. आणि सिरॉसिसचं यकृत मुळातच गाठीगाठींचं, त्यात सेंटिमीटरभराची वेगळी गाठ शोधायची म्हणजे खडीच्या ढिगातून नेमका एक खडा उचलणं. बाहेर रांग ताटकळलेली असतेच.

म्हणजे ‘गाठ दिसली नाही’ आणि ‘यकृत नीट दिसलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच ‘नॉर्मल’खाली दोन्ही खपून जातात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी २०१७ पासून यासाठी ए, बी, सी अशी प्रत ठरवली. सी म्हणजे दिसण्यात मोठी अडचण. आपल्याकडे काय सांगायचं नाही (गर्भाचं लिंग) याची पाटी कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लागते. काय दिसलं नाही, हे लिहायची सवय मात्र रुळलेली नाही.

इतक्या अधू तपासणीचा उपयोग तरी काय? शांघायमध्ये १९९०च्या दशकात १८,८१६ जणांवर चाचणी झाली. एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, दुसऱ्याची नाही. तपासलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, ते रास्तही आहेत. तरी मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्केच पार पडल्या होत्या. मशीन तेव्हाचं, हजेरी निम्म्याहून थोडी जास्त, आणि तरीही एवढा फरक. यकृतातली गाठ दुप्पट व्हायला साधारण चार-सहा महिने घेते. एका खेपेला निसटलेली पुढच्या खेपेला, अजून कापून काढण्याजोगी असतानाच, सापडू शकते. अचूकपणा एकेका तपासणीत शोधत बसलो तर तो ४५ टक्क्यांवरच अडतो.

पण पुढची खेप लक्षात ठेवायची कुणी? पेशंटला काहीच होत नसतं, आणि तारीख त्याच्याच भरवशावर सोडलेली. बाळाच्या लसीच्या कार्डावर पुढची तारीख लिहून देतात. तशी ती या रिपोर्टवरही छापावी, शेजारी ए, बी की सी तेही.