आकडा वाचल्याशिवाय पट्टी लावायची नाही

मान वर कर आणि माझ्याकडे बघून ऐक. नवरात्राच्या मांडवाचं काम तू घेतलंस, पैसे मोजून घेतलेस, आणि पहिल्याच सरीला अर्धी कमान अंधारात गेली. मंडळाचे लोक तुला काय बोलले ते तू आणि ते बघून घ्या. मी बोलणार आहे ते तुझ्या कामाबद्दल.

तू सिहोऱ्याचा पोरगा. चांदपूरचा तलाव तुझ्या गावाच्या शेजारी, घरी धानाची शेती. परतीचा पाऊस नवरात्रात गाठतो, वारा सुटला की पाणी आडवं येतं, हे तुला मी सांगायचं का? माल घेताना दुकानदाराला काय विचारलंस? ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ तो हो म्हणाला आणि तू गठ्ठा उचललास. पाकिटावर आयपी आणि पुढे दोन आकडे छापलेले होते. काहून वाचले नाहीस? वर्गात फळ्यावर लिहून दिले होते, तुझ्या वहीतही असतील.

पुन्हा सांगतो. हे आकडे कुणी मनानं छापत नाही. आयईसी ६०५२९ हे त्याचं मानक, आपल्याकडे आयएस/आयईसी ६०५२९. पहिला आकडा धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा, आणि तिथं प्रत्येक आकड्यामागे ठरलेली चाचणी आहे. पाच म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, सगळ्या बाजूंनी, किमान तीन मिनिटं. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कडक, सतत पाण्यात, आणि किती खोल ते बनवणाऱ्यानं सांगायचं. तू आणलेल्या गठ्ठ्यावर २० आहे. त्यातलं शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. गाभाऱ्यात, शोकेसमध्ये, छताच्या आतल्या खाचेत ती पट्टी उत्तम. तिथं उघडी असल्यानं थंडही राहते. तू ती उघड्या कमानीवर चिकटवलीस.

आता हा दुसरा तुकडा घे हातात. याच्यावर ६७ लिहिलंय, तरी बंद पडला. का ते सांग. नाही सांगता येत? टोक बघ. बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते, तिथंच कापलंस, एवढं बरोबर. पण कापलेलं तोंड तसंच उघडं ठेवलंस. नळीच्या आत पाणी चढलेलं दिसतंय ना? तांब्याचे ते दोन ठिपके बघ, एक हिरवा पडलाय आणि जवळजवळ खाऊन गेलाय. पट्टीत डीसी वाहतो, ओल मिळाली की धन बाजूचं तांबं विरघळत जातं. कारखान्यात ६७ मिळाले ते दोन्ही टोकं बंद असलेल्या अख्ख्या पट्टीला. तुझी कात्री लागली त्या क्षणी ते गेले. ते परत मिळवायचे तर टोकाला टोपी, टोपीत सिलिकॉन, आणि चोवीस तास सुकू द्यायचं. सिलिकॉनही हाताला लागेल ते नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यायचं.

एक गोष्ट तर जुने मिस्त्रीही विसरतात. बुडवून बघितलेली वस्तू पाण्याच्या धारेला टिकेलच असं मानकात धरलेलं नाही. दोन्ही हवं असेल तर पाकिटावर दोन्ही लिहिलेलं असतं. मांडवाच्या वळचणीखाली, थेट पाऊस लागत नाही तिथं ६५ चालते. उघड्या शिखरावर ६७, टोकं नीट बंद करून. विसर्जनाच्या टाक्यात उतरवायची असेल तरच ६८. आणि सगळीकडे ६८ लावून मोकळा होईन म्हणशील तर तेही चालायचं नाही. बंद नळीत उष्णता कोंडते, दिवे लवकर मरतात, गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात. उन्हाबद्दल तर हे आकडे एक अक्षर बोलत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो; वर्षभर बाहेर राहायची पट्टी असेल तर सिलिकॉनची घे, स्वस्त लेप पिवळा पडून तडकतो. राइस मिलमध्ये काम मिळालं तर आधी पहिला आकडा बघ, तिथं कोंड्याची धूळ पाण्याइतकीच वाईट. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला पाऊस नसतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. रात्रभर दंडारीचा खेळ चालतो तेव्हा पहाटेचं दव सगळ्या सामानावर उतरतं, आणि तुझ्या त्या वीसच्या पट्टीला दवही पुरेसं आहे.

इथवर झालं ते पैशाचं नुकसान. आता ज्यासाठी तुला बोलावलं ते. कठड्यावर लावलेली पट्टी बारा व्होल्टची नाही, थेट २३० ची आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, प्लगमध्ये फक्त रेक्टिफायर असतो. म्हणजे कापलेल्या तोंडाशी पूर्ण दाब उभा. ते तोंड तू इन्सुलेशन टेप गुंडाळून लोखंडी पाइपाला बांधलंस, आणि त्याच पाइपाला धरून पोट्टे पाय धुतात. ओल्या पायांनी. टेपखाली पाणी गेलं असतं तर तुला कुणी विचारायला आलं नसतं, पोलीस आले असते. कमानीचा एसएमपीएसही तसाच, उघड्या जाळीचा, वर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत घाम धरतो हे तुला दिसलं नाही? त्याच्या एका बाजूला बारा व्होल्ट असले तरी दुसऱ्या बाजूला २३०च आहेत.

मला राग आलाय तो तुला येत नाही म्हणून नाही. तुझा सोल्डर वर्गात सगळ्यांत स्वच्छ असायचा. येत असताना केलं नाहीस, याचा राग आहे.

आता निघ. आधी मेन बंद कर आणि कठड्यावरची पट्टी आजच उतरव, उद्यावर ढकलायची नाही. मांडवाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसव, आणि तिचं टेस्टचं बटण मंडळाच्या माणसासमोर दाबून दाखव. एसएमपीएस बंद डब्यात घाल, वायरीची भोकं डब्याच्या खालच्या बाजूला पाड, आणि वायर आत नेण्याआधी तिला खाली झोळ दे म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. कमानीला ६७ ची नवी पट्टी तुझ्या पैशानं आण. टोकं बंद केलीस की लावण्याआधी माझ्याकडे घेऊन ये. मी बादलीत बुडवून बघीन, मगच मांडवावर चढायचं.