सह्यांचा कागद

इंग्लंडात हेरफर्ड शहराजवळ एक लहानसं गाव होतं. भोवती सफरचंदाच्या बागा, मधे जुनं दगडी चर्च, एक पब आणि एक दुकान. दुकान एका वयस्क बाईंचं. पाव, दूध, अंडी, वह्या-पेनं आणि कोपऱ्यात पोस्टाची खिडकी.

गावात बहुतेकांच्या दारी मोटार होती. शनिवारी सगळे शहरातल्या सुपरमार्केटात जात आणि आठवड्याचं सामान भरून आणत. बाईंकडे यायचं ते घरातलं दूध संपलं तर, नाहीतर पोस्टाचं तिकीट हवं असलं तर. गप्पा मात्र तासभर. बाई कधी कुणाला तोडून बोलल्या नाहीत.

एका जानेवारीत खूप बर्फ पडला. उंच कुंपणांमधले अरुंद रस्ते बुजून गेले. ते मोकळे होईपर्यंत अख्खं गाव त्या दुकानावर जगलं. बाईंनी पाव सगळ्यांना पुरवून पुरवून दिले, अंथरुणाला खिळलेल्यांकडे दूध पोचवलं, भाव एका पेनीनंही वाढवला नाही. “तुम्ही होतात म्हणून निभावलं,” जो तो म्हणाला. रस्ते उघडले, आणि शनिवारी मोटारी पुन्हा शहराकडे गेल्या.

मार्चमध्ये दुकानाच्या दारावर चिठ्ठी लागली. महिनाअखेर दुकान बंद.

गाव हळहळलं. सभा भरली. दुकान गेलं तर गावात उरलं काय, असं एकेक जण उठून बोलला. मग एका पॅडवर विनंतीचा कागद फिरला आणि सगळ्यांनी सह्या ठोकल्या. शेवटी तो बाईंच्या हातात आला. त्यांनी चष्मा लावला, एकूण एक नाव वाचलं. मग पॅड उलटं केलं. पाठीवर शहरातल्या सुपरमार्केटची किमतीची चिठ्ठी होती. बाईंनी ती नखानं अलगद सोडवली आणि टेबलावर चिकटवली.

“असलं पॅड माझ्याकडेही आहे,” त्या म्हणाल्या. “10 पेन्स महाग आहे.”

कुणी काही बोललं नाही.

गावाची माया खोटी नव्हती. पण माया सभेला यायची आणि पाकीट शहरात जायचं.

त्याच रात्री ठरलं, 10-10 पौंडांचे भाग काढून गावानंच दुकान घ्यायचं आणि पाळीपाळीनं गल्ल्यावर बसायचं. ब्रिटनमध्ये गावकऱ्यांच्या मालकीची अशी 300 हून अधिक दुकानं आहेत, तेव्हा वाट मळलेली होती. भागधारकांची नावं लिहायला वही लागली. ती बाईंच्याच दुकानातून आणली. बाईंनी पैसे पुरते मोजून घेतले.