माप आणि मेहेरबानी

मार्च महिना आला, की शाळाशाळांतून परीक्षेबरोबर आणखी एका वादाला तोंड फुटते. कोणा दृष्टिहीन मुलीला लेखनिक मिळालेला असतो. कोणाचा हात अक्षरामागून अक्षर ओढत मागे पडतो, म्हणून त्याला अधिक वेळ मिळालेला असतो. मग शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर दोन मते मांडली जातात. एक गृहस्थ म्हणतात, "याला सवलत, तर बाकीच्या पोरांनी काय घोडे मारले?" दुसरे कनवाळू असतात. ते म्हणतात, "बिचारा कुठे गणितात डोके शिणवणार? द्या चार गुण आणि ढकला पुढे." ही मते परस्परविरोधी आहेत, असे आपण समजतो. मला ती सख्खी भावंडे वाटतात. हा मुलगा खऱ्या मापाला उतरायचा नाही, हे दोघांनीही आधीच ठरवून टाकलेले असते. एकजण त्याच्यासाठी दार लावून घेतो, दुसरा त्याला मागल्या दाराने आत घेतो, एवढाच काय तो फरक.

पूर्वी वाण्याकडे तेल आणायला आपण घरचे भांडे घेऊन जात असू. वाणी ते रिकामे भांडे तागडीच्या एका पारड्यात ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकून काटा मध्यावर आणी. याला 'धडा करणे' म्हणत. मग तेल ओतले जाई. भांडे पितळेचे जड असो की पत्र्याचे हलके असो, तेल शेरभर म्हणजे शेरभरच. त्या खड्यांना कोणी सवलत म्हटले नाही. उलट धडा न करता तोलणाऱ्याला गावाने लबाड ठरवले असते. आणि भांडे जड आहे म्हणून कीव येऊन वाण्याने पाऊणच शेर तेल घातले आणि 'शेर झाले' म्हटले, तर तीही लबाडीच!

लेखनिक, ब्रेलमधली प्रश्नपत्रिका, जादा वेळ हे असे धड्याचे खडे आहेत. कृपेने घातलेले गुण हे पाऊण शेर तेल आहे. या दोहोंची गल्लत झाली, की न्यायाचीही मेहेरबानी होऊन बसते.

तेव्हा खरा प्रश्न हा, की आपण तोलतो आहोत काय? इतिहासाच्या पत्रिकेत कारणे आणि परिणाम यांची समज तोलायची असते. हाताचा वेग नव्हे. ३ तासांची घंटा काही सृष्टीचा नियम नाही, ती व्यवस्थेची सोय आहे. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटे अधिक द्यावीत असे म्हटले होते, ते याच विचाराने. उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक स्वतः नाकावर चष्मा चढवून बसतो. त्याने दिलेले गुण चष्म्याचे, असे कोणी म्हणत नाही.

हेलन केलरची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. आंधळ्या आणि बहिऱ्या असलेल्या या मुलीने १८९९ साली अमेरिकेतल्या रॅडक्लिफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा दिली. तिच्या बाई, ॲन सलिव्हन, यांनी प्रश्न वाचून दाखवायचे नाहीत, असे कॉलेजने ठरवले. त्याबद्दल मी कॉलेजला दोष देणार नाही. शंकेला जागा राहू नये, हे रास्तच आहे. परंतु बीजगणिताची पत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवली गेली, आणि हेलन बीजगणितात वापरत आली होती इंग्लिश ब्रेल. दोन्हींतली चिन्हे निराळी. परीक्षा अवघी दोन दिवसांवर आली असताना हे तिच्या ध्यानात आले. ती नवी चिन्हे घोकून परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. १९०४ साली पदवीधरही झाली. आपण तिच्या जिद्दीचे गोडवे गातो आणि पुस्तक मिटतो. पण त्या दिवशी तिच्या तेलाबरोबर भांड्याचेही वजन तिच्या खात्यावर मांडले गेले, हे विसरून कसे चालेल? एक हेलन तरून जाते. तिच्यामागे किती जणी बुडाल्या, ते कोण मोजतो?

अडचणीच्या जागा आहेत, त्या झाकून ठेवू नयेत. शुद्धलेखनच तपासायचे असेल आणि लेखनिकाने मनानेच ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, तर तपासायचे उरले काय? तिथे मुलाने अक्षर न् अक्षर सांगावे आणि लेखनिकाने तेवढेच लिहावे. दृष्टिहीन मुलाला भूमितीतून सूट देणे सोपे असते. उठावाच्या रेषांची आकृती बोटांखाली देऊन तोच सिद्धांत विचारणे कष्टाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जादा वेळ आणि लेखनिक सांगितले, तशी दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही सांगितली आहे. ज्याला ती खरोखर हवी, त्याने ती खुशाल घ्यावी. परंतु सूट आपल्या आळसाने सुचवली, की ती हद्दपारी होते. आंध्रातल्या श्रीकांत बोल्ला या जन्मांध मुलाला दहावीनंतर विज्ञान शिकता यावे म्हणून कोर्टात जावे लागले. पुढे तो अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून आला आणि त्याने कारखाना काढला. त्याला त्या वर्षी विज्ञान नाकारणाऱ्यांनी ते भल्यासाठीच केले, असेच त्यांना वाटत असेल!

मेहेरबानी स्वस्त असते. लाल शाईचा एक आकडा वाढवला, की झाले. देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला प्रमाणपत्र. पण तो कागद घेऊन मुलगा नोकरीच्या दारी उभा राहतो, तेव्हा जग पुन्हा तोलते, आणि तिथे आपली कीव कामी येत नाही. न्याय महाग पडतो. त्यासाठी शिक्षकाला जूनपासून राबावे लागते: धडे ब्रेलमध्ये मिळवायचे, लेखनिकाबरोबर सराव करवून घ्यायचा, प्रश्न काढतानाच 'यातून मी नेमके काय विचारतो आहे?' असे स्वतःला विचारायचे. आणि एवढे सारे करून तो मुलगा नापास झाला, तर त्याला इतरांसारखेच नापास म्हणायचे, पुन्हा बसवायचे. नापास होण्याचा हक्क ज्याला नाही, त्याच्या पास होण्याला तरी काय अर्थ?