तोफेच्या पुढ्यात कोण होतं?

परंड्याच्या भुईकोटात शिरलं की माणसाची नजर आधी तोफा शोधते. परंडा निराश करत नाही. बुरुजांवर तोफा आहेत, कोठारात गोळे आहेत. शस्त्रांचं वेगळं संग्रहालय उभारायची गरजच नाही. भर उन्हात तोफेवर हात टेकला तर चटका बसतो, तरी फोटोसाठी लोक टेकतातच.

परंड्याची सगळ्यात नामांकित तोफ मात्र आता इथं नाही. ‘मुलूख मैदान’ १५४९ साली निजामशाहीत ओतली गेली, परंड्यावर राहिली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीनं विजापूरला नेली. सुमारे ५५ टनांचं धूड. तिचं तोंड म्हणजे सिंहाचा वासलेला जबडा, आणि त्याच्या दाढांत चिरडला जाणारा हत्ती. ओतणाऱ्यानं काहीच लपवलं नाही; आपण काय घडवतोय ते त्यानं दर्शनी भागावरच दाखवलं. त्याचं नाव तोफेवर आहे. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानंही आपला विजय तिच्यावरच कोरून घेतला. ज्यांच्यावर ती रोखली गेली, त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिथं नाही.

आपणही तोफेच्या मागच्या अंगालाच उभे राहतो. लांबी किती, गोळा कुठवर जायचा, हे विचारतो. पुढ्यात कोण होतं, हे विचारत नाही. मला हे फार खुपतं.

१६३०च्या सुमारास, दख्खनच्या भीषण दुष्काळात, मुघल सरदार आझम खानानं परंड्याला वेढा घातला. किल्ला हाती लागला नाही. दाणावैरण मिळेना, म्हणून त्याला वेढा उठवावा लागला. किल्ला झुंजवणाऱ्यांची शर्थ मोठीच. पण एवढ्या फौजेची घोडी, बैल, हत्ती ज्या शिवारांत चरले, ती कुणाची होती? आधीच करपलेल्या रानातला उरलासुरला कडबा कुणाच्या दारातून गेला? चारा छावणीत जनावरांच्या उशाशी रात्री काढलेल्या या जिल्ह्याला हे फोड करून सांगावं लागू नये. त्या गावांवर एकही गोळा पडला नसेल, तरी लढाई त्यांच्या गोठ्यात शिरली होती.

किल्ल्यात सहली घेऊन येणाऱ्या गुरुजींना माझी विनंती आहे. पोरांना एकदा तोफेच्या तोंडासमोर उभं करा. आझम खानाचं नाव सांगाल, तेव्हा त्या सालच्या रिकाम्या दावणींबद्दलही सांगा. सनावळ्या नंतर पाठ करून घेता येतील.